तुसाच्या राखेतलं मॅनिफोल्ड

मुलचेऱ्याच्या पुढं, जंगलाच्या आत, आमच्या बटालियनचा एक कॅम्प होता. तिथं मी हवालदार मेकॅनिक म्हणून तीन वर्षं काढली. मी मूळचा घुग्घुसचा, कोळशाच्या ट्रकांत वाढलेला. नक्षलग्रस्त भागातल्या या पोस्टिंगची ऑर्डर वाचून बाकीच्यांची तोंडं उतरली, तेव्हा मी पेटी भरायला घेतली. आपल्याच मुलखात, आपल्याच भाषेत नोकरी, आणखी काय पाहिजे?

कॅम्पचा दिवस साडेपाचला सुरू व्हायचा. साडेपाचला फॉल-इनची हजेरी, सहाला गाड्यांची तपासणी, सातला रिपोर्ट. पाच गाड्यांपैकी चार साध्या. पाचवी चिलखती, सुरुंगावर चढली तरी आतली माणसं वाचावीत अशी बांधलेली. अंगानं अवाढव्य, चालीनं सुस्त, म्हणून आम्ही तिला म्हैस म्हणायचो.

म्हशीचा ड्रायव्हर देवराव, आरमोरीकडच्या धान पिकवणाऱ्या घरातला. बोलणं कमी, पण बोलला की कुठून तरी धानाची नाहीतर भाताची गोष्ट काढणारच. "स्टिअरिंग धरून राह्यला का नांगर?" म्हणून मी त्याला छळायचो. तो नुसता हसायचा. टर्बोची गाडी लांबून आली की लगेच बंद करायची नसते. दोन मिनिटं जागेवर चालू ठेवायची, म्हणजे तापलेला टर्बो निवतो. बाकीचे ड्रायव्हर चहाच्या नादात हे विसरत. देवराव घड्याळ बघत बसायचा.

म्हशीला मागाहून जास्तीचे पोलादी पत्रे लावले होते आणि ते वजन ओढायला इंजिनाचा बूस्ट, म्हणजे आत कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवला होता. नागरिक मंडळींसाठी सोपं करून सांगतो. टर्बो म्हणजे इंजिनाच्या तोंडात जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंखा. हवा जास्त, तर डिझेल जास्त जळतं, तर ताकद जास्त. ती कोंबलेली हवा सहाही सिलिंडरना वाटून देणारी पोकळ पेटी म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. म्हशीचं मॅनिफोल्ड ओतीव ॲल्युमिनियमचं, जुन्या दाबासाठी केलेलं. एका सोमवारी ते तडकलं. हवा बाहेर, मागून काळा धूर, आणि चढावर म्हैस जागच्या जागी. चिकटवून पाहिलं, तासाभरात उडालं. नवीन भागाची मागणी केली तर उत्तर आलं, वेळ लागेल.

मी म्हटलं, मग आपणच बनवू, आणि तेही पोलादाचं. इंजिनाला बसणारी जाड पट्टीची फ्लँज, तिच्यावर सहा आखूड नळ्या, नळ्यांच्या माथ्यावर एक मोठा पाइप. मंगळवारी रात्र पडेपर्यंत सगळे तुकडे मापात कापून, घासून ठेवले. फक्त वेल्डिंग बाकी होतं.

बुधवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वायरलेस सेट बोलला.

"अल्फा टू बेस. फायर आया है. दो जख्मी. स्कूल में पोझिशन ली है. ओव्हर."

अल्फा म्हणजे आमचीच नऊ जवानांची गस्त. घाटापलीकडच्या गावातल्या रिकाम्या शाळेत ते अडकले होते. ढग इतके खाली की हेलिकॉप्टर उतरणार नाही. वाटेत सुरुंगाची भीती, म्हणून साधी गाडी पाठवायची नाही. राहिली म्हैस. एकाच्या दंडाला लागलं होतं, दुसऱ्याच्या मांडीत गोळी होती. गस्तीबरोबरचा नर्सिंग असिस्टंट सेटवर म्हणाला, दिवस मावळेपर्यंत मी मांडीवाल्याला धरून ठेवतो, पुढचं सांगता येत नाही.

कंपनी कमांडर साहेब हरियाणाकडचे. वर्कशॉपच्या दारात उभे राहून त्यांनी एवढंच विचारलं, "हवालदार, गाडी कब?"

"ग्यारह बजे, साब."

वेल्डिंग करताना पोलाद तापून वाकतं. म्हणून फ्लँज आधी एका बाद इंजिनाच्या हेडवर, म्हणजे वरच्या जड ठोकळ्यावर, बोल्टांनी कसायची, तशीच कसलेली ठेवून वेल्ड करायची, आणि पूर्ण थंड झाल्यावरच सोडायची. हे मी कितीतरी जवानांना शिकवलं होतं. पावणेदहाला शेवटचा टाका मारला आणि दहाला पाना उचलला.

देवराव बाजूलाच उकिडवा बसला होता. "उस्ताद, काऊन घाई करून राह्यले? भात उतरवला की लगेच झाकण उघडता का? वाफ बसू द्या ना त्याले."

"तुले भाताची पडली. तिकडं माणूस मरून राह्यला."

मी बोल्ट सोडले. फ्लँजवर सरळपट्टी धरली तर मधून उजेड दिसला. केळीच्या पानासारखी वाकली होती. तरीही जीव मानेना. मी ती इंजिनावर कसून पाहिली, हवा भरली, साबणाचं पाणी लावलं. सगळीकडून फेस. 'अति घाई संकटात नेई' हे प्रत्येक घाटात पाटीवर लिहिलेलं असतं. सतरा वर्षांच्या नोकरीत ती पाटी मी शेकडो वेळा वाचली होती. त्या क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली की वर बघवेना.

देवरावनं टोमणा मारला नाही. त्यानं ती फ्लँज उचलून पुन्हा जुन्या हेडवर ठेवली आणि बोल्ट माझ्या हातात दिले. मी कसत गेलो. मग गॅस टॉर्चनं फ्लँज लाल होईपर्यंत तापवली, म्हणजे ती कसलेल्या जागीच सरळ बसेल. आता हळूहळू थंड व्हायला हवी होती, आणि बाहेर तर ओला गार वारा. देवराव कुठंतरी गेला आणि दोन पोती खांद्यावर टाकून आला. शेजारच्या गावात चुलीला धानाचं तूस जाळतात, त्याची राख. "आई यात निखारे झाकून ठेवते. सकाळीबी गरम सापडतात." आम्ही सगळं राखेत गाडलं. अकरा वाजायला दहा मिनिटं कमी होती.

त्यानंतरच्या तीन तासांइतके लांब तास मी नोकरीत पाहिले नाहीत. साहेब दर अर्ध्या तासाला यायचे.

"हवालदार, खून बह रहा है उसका."

मी राखेचा ढीग आणखी सारखा केला. शेवटी देवरावच सावधान होऊन बोलला. "साब, अभी खोला तो घाट में बैठेगी. फिर नौ के नौ वहीं रहेंगे. गाडी मैं चलाऊंगा, साब. मेरेकू ठंडी चाहिये."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, राखेच्या ढिगाकडे पाहिलं आणि परत गेले. एका कॉन्स्टेबलचं ऐकून घेणाऱ्या त्या साहेबांना मी आजही मनातून सॅल्यूट करतो.

राख टप्प्याटप्प्यानं काढत आणली, एक पन्नासला उरलेली बाजूला केली. हात लावला, गार. बोल्ट सोडले, सरळपट्टी धरली. उजेड नाही. आतून वेल्डिंगचा कण न कण खरवडून काढला, इंजिनावर चढवलं, बूस्टच्या दुप्पट दाबानं हवा भरली. साबणाच्या पाण्यावर एक बुडबुडा आला नाही. दोन पन्नासला म्हैस गेटबाहेर पडली. देवराव स्टिअरिंगवर, मी आणि सहा जवान मागे.

घाटात तिनं मान खाली घातली आणि ओढत राहिली. बूस्टचा काटा खाली आला नाही, मागे धूर नाही. मी ओरडलो, "देवराव, पाय दाब!" तो म्हणाला, "दाबूनच हाव, उस्ताद." खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझी छाती फुगली होती.

चार वाजता शाळा. जवानांनी बाहेर उतरून चारी बाजू धरल्या. मी मागच्या दारात स्ट्रेचर आत ओढायला उभा. स्ट्रेचरला एक हात कमी पडत होता. ड्रायव्हरनं सीट सोडायची नाही असा हुकूम असतो. देवरावनं सोडली. टेकडीवरून चार-पाच राउंड आले, आमच्यांनी उत्तर दिलं, तोवर सगळे आत. तो धावत जाऊन सीटवर बसला. मी विचारलं, "सगळे ठीक?" पुढून आवाज आला, "ठीक."

परतीचा घाट त्यानं एका गिअरवर, एकही हिसका न देता उतरवला. मांडीत गोळी असलेला जवान स्ट्रेचरवर झोपल्यासारखा आला. पाच वाजून पाच मिनिटांनी म्हैस कॅम्पात उभी राहिली. स्ट्रेचर उतरलं. मी पुढं गेलो, दार उघडलं, तर सीटवरून रक्त पायऱ्यांवर गळत होतं. गोळी जॅकेटच्या खाली, कमरेत लागली होती. पाऊण तास तो तसाच गाडी चालवत आला होता.

मी त्याला धरलं आणि दुसरा हात चावीकडे नेला. त्यानं माझं मनगट पकडलं.

"थंड होऊ द्या तिले, उस्ताद. मंग बंद करा."

त्याला उचलून नेलं. नर्सिंग असिस्टंटनं सगळं करून पाहिलं. पाच चाळीसला देवराव गेला.

नऊच्या नऊ जवान जिवंत आहेत. मांडीत गोळी लागलेला आज स्वतःच्या पायांनी शेतात चालतो. देवरावचं सामान घेऊन मी त्याच्या गावी गेलो, तेव्हा त्याच्या आईनं मला जेवायला वाढलं. भाताचं भांडं चुलीवरून उतरवून ती झाकण न काढता बसून राहिली. मग तिनं विचारलं, "भाऊ, गाडी थांबली नाई ना वाटंत?"

"नाई, बाई. एकदाबी नाई."

"मंग झालं," ती म्हणाली आणि तिनं झाकण काढलं.

आता घुग्घुसला माझं वर्कशॉप आहे. कोळशाच्या ट्रकांची मॅनिफोल्डं करतो आणि तुसाच्या राखेत निववतो. ड्रायव्हर घाईत असतात, शिव्याही देतात. देऊ देत. टर्बोची गाडी आत आली की चावी मीच हातात घेतो. दोन मिनिटं इंजिन चालू राहतं आणि मी बोनेटजवळ सावधान उभा असतो. मग म्हणतो, "झाली रे थंड, देवराव," आणि बंद करतो.