बरोबरीतली कुस्ती

खुराकीवर बोलायला कुणाला आवडत नाही. सगळ्यांना नुसते डाव बघायचे असतात. अहो, पण डाव टाकायला अंगात जोर लागतो, आणि तो दुधातुपातून, बदामातून येतो. मी शहाद्याच्या बाजूला जत्राजत्रांत कुस्त्या खेळते आणि त्या इनामावरच माझी खुराक चालते. नोकरी नाही, मानधन नाही.

गेल्या हंगामात लागोपाठ दोन जत्रांत पडले, तेव्हा आईने माझं दूध निम्मं केलं. तिसऱ्या आखाड्यात उतरले ती डोक्यात इनाम घेऊनच. आमच्याकडे बराच वेळ निकाल लागला नाही की पंच जोड बरोबरीत सोडवतात आणि इनाम दोघींत निम्मं-निम्मं वाटतात. पडली तिला मात्र काहीच नाही. समोर गुजरातकडची पोरगी होती. मानेवर हात पडताच कानाशी म्हणाली, "दीदी, बराबरी पे छोड़ें? आधा-आधा."

मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. नुसती रेटारेटी करत राहिले. तिचा पाय अगदी हाताशी आला, तरी ओढला नाही! चुकलं तर हातचं निम्मंही जाईल, ही धास्ती. हातपाय माझे, पण ऐकत होते पैशाचं.

तेवढ्यात गर्दीतून आई कडाडली, "ए भवाने, कुस्ती खेळी ऱ्हायनी का हिशोब करी ऱ्हायनी?"

माणसं खदखदून हसली. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणता!

"नहीं छोड़ना," मी त्या पोरीला तोंडावर सांगितलं आणि सगळा जोर लावून तिच्या पायात शिरले. तीही काही कच्ची नव्हती. तिने वरून दाबून असं फिरवलं, की माझी पाठ मातीला लागली.

बाहेर आले तर पंच हळहळले, "थोडा दम धरती तं निम्मं तरी भेटतं. आते काय भेटनं तुले?"

"काका, शेवटी तरी मी न घाबरता खेळले," मी म्हटलं, आणि मान वर करून चालू लागले.

घरी आईने बदामांऐवजी भिजवलेले शेंगदाणे पुढ्यात ठेवले. शेंगदाणे तर शेंगदाणे! तेच खाऊन रोज जोर-बैठका, सपाट्या मारल्या. पुढची जत्रा जवळ आली तसा त्याच पंचांना फोन केला. म्हटलं, जोड लावा, त्याच पोरीशी लावा. फक्त इनाम किती, ते कुस्ती होईपर्यंत मला सांगायचं नाही.