खिडकीकडे तोंड केलेली माणसं

या गल्लीत राहायला आले तेव्हा मला आधी दिसल्या त्या पाठी. कोपऱ्यावरच्या बैठ्या घराच्या बागेत, रोपांच्या मधे पत्र्याची सात-आठ माणसं उभी होती. कुणाचं धड बादलीचं, कुणाचे पाय नळाच्या पाइपचे. एकाचंही तोंड रस्त्याकडे नव्हतं.

"मालकासारखीच आहेत," माझी शेजारीण म्हणाली. "माणूस आलं की पाठ."

मालक म्हणजे फिटरकाका. उभा जन्म कारखान्यात गेला. 'हो', 'नाही' आणि 'बघू' या तीन शब्दांवर त्यांनी संसार केला असं लोक म्हणत. बोलण्याचं सगळं खातं काकूंकडे. त्या कपडे शिवायच्या. मापं द्यायला अख्खी गल्ली त्यांच्या दारात, त्यामुळे कुणाच्या घरात काय शिजतंय ते त्यांना जागेवर कळायचं. मग एक दिवस शिवता शिवता त्या मशीनवरच कलंडल्या. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. हे मी येण्याआधीचं.

एकदा काकांचं पार्सल चुकून माझ्याकडे आलं. ते द्यायला मी फाटक उघडून आत गेले, मागे वळून पाहिलं आणि थबकलेच. पत्र्याच्या त्या सगळ्यांना चेहरे होते, आणि ते ओळखीचे होते! नाकानं वांगी सोलणाऱ्या माझ्या शेजारणीला किटलीचं डोकं बसवलं होतं, तोटी पुढे काढून. बादलीच्या पोटाचे ते निवृत्त मास्तर. त्यांच्या काखेत कुबडी होती, कारण त्याच आठवड्यात ते जिन्यावरून पडले होते.

काका दारात उभे होते. मी विचारलं, "काका, हे कशासाठी?"

"तिला बाहेर जाता येत नाही," ते म्हणाले. "गल्लीत काय चाललंय ते कळल्याशिवाय तिला घास जात नसे. मला सांगता येत नाही. मग असं दाखवतो."

त्यांनी खिडकीकडे बोट केलं. आत काकू पलंगावर उशीला टेकून होत्या. अर्ध्या ओठांनी हसल्या.

त्या दिवसापासून मी जात राहिले. गल्लीतल्या एका ड्रायव्हरची मुलगी नोकरीसाठी परगावी गेली, तर बागेतल्या तिच्या हातात डब्यापासून केलेली बॅग आली. पुढे एक नवी बाईही उभी राहिली. छत्रीच्या काड्यांचे केस पिंजारलेले, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. घाईत मी एकदा तशीच बाहेर पडले होते खरी.

त्या हिवाळ्यात काकू गेल्या.

काकांची मुलगी म्हणाली, "बाबा, आता माझ्याकडे चला." काका म्हणाले, "बघू." म्हणजे नाही, हे तिलाही कळलं.

बाग तशीच थांबली. मास्तर कधीच चालू-फिरू लागले, पण पत्र्याच्या मास्तरांची कुबडी सुटली नाही. किटलीवर गंज चढला. मी डबा द्यायला जायची, तो बरेचदा तसाच परत यायचा.

एका दुपारी हाक मारली तर ओ आली नाही. आत गेले. काका काकूंच्या पलंगावर, त्यांच्याच उशीला टेकून बसले होते. नजर बाहेर.

"इथून कधी बघितलंच नव्हतं," ते म्हणाले. "मी बाहेर उभा राहून करायचो."

मी शेजारी बसले. तिथून सगळे दिसत होते, फक्त मास्तरांचा चेहरा खिडकीच्या चौकटीआड जात होता. बादली तेवढी दिसायची.

"मास्तर तिला आवडले नाहीत असं वाटायचं मला. त्यांच्याकडे बघून हसायची नाही कधी. तीनदा तोंड बदललं मी त्यांचं." त्यांनी चौकटीकडे बोट केलं. "ती बिचारी सांगणार कशी? आणि मला गाढवाला एकदा इथं येऊन बसायचं सुचलं नाही."

मी त्यांचा हात धरला.

मग ते उठले, पहार घेऊन बागेत गेले. मास्तरांना उपटून जरा डावीकडे रोवायचं होतं. मी बादली धरली, त्यांनी माती दाबली. काका आत जाऊन पलंगावर बसून एकदा पाहून आले. पुन्हा थोडं सरकवलं. कुबडीही काढून टाकली.

याला आता बराच काळ लोटला. नवं माणूस त्यांनी केलं नाही, आहेत त्यांना तेलपाणी करतात. बोलणं अजून मोजकंच. पण संध्याकाळी फाटकाशी उभे राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, "घरी सगळे बरे?" मग उत्तर संपेपर्यंत ऐकत राहतात.