खुंट्यांना तेल

पंढरीकाकांनी आयुष्यभर वागळे इस्टेटमध्ये लाकडी साचे बनवले. आता ते पियानो दुरुस्त करतात. डोंबिवलीतल्या एका क्लासच्या पियानोत त्यांनी तारांच्या खुंट्या धरणारी झिजलेली फळी बदलली. दसऱ्यानंतर क्लासच्या मालकीण जयाबाईंचा फोन आला, "तुमची फळी बोगस निघाली. सूर टिकत नाही."

काका मला घेऊन तडक गेलेच. एक खुंटी उपसून हुंगली.

"तेल कोणी घातलं?"

"खंडेनवमीला सगळ्याच वाद्यांना घातलं, पूजेआधी."

"बाई, खुंटी लाकडात घट्ट बसते म्हणून सूर टिकतो. उद्या माडावर चढणाऱ्याच्या तळपायालाही तेल चोळाल."

"मग पुसून द्या ना."

"लाकूड प्यायलंय ते. नवी फळी घालीन, पण आधी तो 'बोगस' मागे घ्या."

बाईंनी घेतला. निघताना काकांनी तेलाची बाटलीही घेतली.