रिझवानभाईंची उशिरा ओढलेली तार

नाशिकच्या भद्रकालीत मोटार वाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्या रिझवानभाईंना ज्या ज्या गोष्टींची किळस यायची, त्यांत झुरळाचा नंबर फार खाली होता. सगळ्यात वर होती आजकालची गिटार.

रविवारी ते दुकानाच्या पोटमाळ्यावर गिटार शिकवत. पूर्वीची पोरं एकेका गाण्यावर बोटांना घट्टे पाडून घ्यायची. आताच्यांना गाणं नकोच असतं. मधला वेगाचा तुकडा तेवढा हवा, मोबाइलच्या उभ्या चौकटीत मावेल एवढा. एकाने तर तो तुकडा सावकाश वाजवून फोनमध्ये भरला, फोनकडूनच पळवून घेतला आणि वर विचारलं, सर, कसं वाटलं? नंतर बोलू, रिझवानभाई म्हणाले, आत्ताच जेवलोय.

जळता तुम्ही, असं त्यांची बायको सितारा म्हणायची, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. त्यांच्या 'ठिणगी' बँडने एके काळी नाशिकची गॅदरिंगं हादरवली होती. मग डीजे आले आणि ठिणगी विझली. रिझवानभाईंची खासियत एकच होती. सगळा बँड पुढे निघून गेला की ते मागून येऊन तार ओढत, किंचित उशिरा, आणि सूर वर पोहोचतो न पोहोचतो तोच सोडून देत. बायकोशी भांडून आलेला माणूस जिन्यात रेंगाळतो ना, तसं वाजवतात, असं ड्रमवाला शेखर म्हणायचा. ती रेंगाळलेली तार लोकांनी एकदा पुन्हा ऐकावी, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

त्यामुळे गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीला जुने नाशिककर बँड हवेत, ही बातमी शेखरने आणली तेव्हा भाईंनी सरावासाठी दोन दिवस दुकान बंद ठेवलं.

अट नंतर कळली. वायनरीचे कार्यक्रम सांभाळणाऱ्या मनालीने गोड आवाजात समजावलं की प्रत्यक्ष वाजवलेलं व्हिडिओत नीट येत नाही. आधी रेकॉर्ड करायचं, स्टेजवर नुसते हात हलवायचे, हल्ली सगळे असंच करतात. भाईंनी नाक मुरडत स्टुडिओत वाजवलं. तिथल्या पोराने त्यातला उशीर काढून टाकला, ओढलेला सूर सरळ करून जागेवर बसवला आणि ऐकवलं.

"हे कुणी वाजवलंय?"

"तुम्हीच, सर. फक्त साफ केलंय."

जिभेवरून कुणी फिनेलचा बोळा फिरवावा, तसं भाईंना झालं.

"गिळा, भाई," शेखर म्हणाला. "आवाज येऊ नये म्हणून माझ्या ड्रममध्ये गोधडी कोंबणारेत. मी रडतोय का?"

भाईंनी गिळलं. आठवडाभर स्वतःच्याच रेकॉर्डिंगची नक्कल करत बसले, पण हात काही ऐकेना. दर वेळी मागेच राही.

कार्यक्रमाच्या दिवशी ऊन कलताना बँड स्टेजवर चढला. गिटारची वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे नुसती खोचून ठेवली होती, कशालाच न जोडता. समोरचे लोक स्टेजकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होते. गिटारचा सोलो आला. भाईंनी तार ओढली, त्यांच्या सवयीने, उशिरा. स्पीकर केव्हाच पुढे निघून गेला होता. भाईंना एवढा वीट आला, की त्यांनी गिटारवरचे दोन्ही हात काढले. उजवा खिशात घातला, डाव्याने मान खाजवली. सोलो गर्जतच राहिला.

शेखरचा चेहरा पडला. पुढच्या रांगेत कुणाच्या तरी लक्षात आलं. शिट्टी वाजली. मग पाठमोरे लोक वळले, फोन वर गेले आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. लोकांना तो मुद्दाम बसवलेला आयटम वाटला.

भाई खाली उतरले तर मनाली धावत येताना दिसली. आता ही झापणार, या विचाराने त्यांना चक्क बरं वाटलं. आवाज गिटारमधून येतो की नाही याची फिकीर असलेलं एक तरी माणूस निघालं.

"सर, कमाल केलीत. पुढच्या सगळ्या शोजना हेच ठेवू या."

"मग गिटार आणूच नको का?"

मनालीने खरंच विचार केला. "नाही सर, गिटार लागेल. दिसायला."

भाईंनी गळ्यातला पट्टा काढला, गिटार पिशवीत घालून चेन लावली.

"दिसायलाच हवी तर एखादी विकत घेऊन शेखरच्या गळ्यात घाला," ते म्हणाले. "दिसायला तो माझ्यापेक्षा बरा आहे."

आणि पिशवी खांद्याला लावून ते रिक्षा बघायला रस्त्याकडे निघाले.