सूर्यमाळची कार्बाइन आणि नळीवरचा नंबर

या सदरातले अनुभव वाचून मी आजवर हसतच आलो. चकवा, झपाटलेलं झाड, देवऋषी... सगळ्यांची टर उडवायची. लोखंड खोटं बोलत नाही, एवढाच माझा विश्वास. तरी लिहितोय, कारण डोक्यात गेलंय. आमच्या नात्यात आजही मला लबाड म्हणतात, आणि मी काहीही केलेलं नाही!

जव्हारच्या बाजारात माझं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं, रीतसर लायसन्सचं. नव्वदच्या दशकाचा शेवट असेल, दिवाळी तोंडावर आलेली. बायकोचा भाऊ विलास गोणपाटात गुंडाळलेली एक कार्बाइन घेऊन आला — आखूड नळीची, घोडेस्वारांची, संस्थानच्या काळातली. सूर्यमाळकडच्या रस्त्याचा ठेका त्याच्याकडे होता. तिथल्या एका पाड्यावर सोनीबाई नावाच्या म्हातारीच्या घरात ती होती. तिचा आजेसासरा संस्थानात शिपाई. दर वाघबारशीला पाड्यातले लोक ती वाघदेवापुढे ठेवून शेंदूर लावत आणि मगच गुरं रानात सोडत. विलासने म्हातारीला सांगितलं, लायसन्स नसताना हत्यार ठेवलंस, पोलीस धरून नेतील. तिने घाबरून देऊन टाकली. फुकट.

हे तो मला हसत हसत सांगत होता. माझं टाळकंच सरकलं. नळीत पूर्वीच कुणीतरी शिसं ओतून ती कायमची बंद केलेली. हत्यार कसलं डोंबलाचं? वर या शहाण्याने चकचकीत दिसावी म्हणून रॉकेलने घासून शेंदूर काढला होता. जुन्या वस्तूचं असं वाटोळं कुणी करतं का?

"दाजी, ओरिजिनल आहे एवढं तुम्ही सांगा. मुंबईचं गिऱ्हाईक तयार आहे," तो म्हणाला.

ओरिजिनल म्हणजे नळी, चापाखालची लिव्हर आणि लाकडी दस्ता, तिन्हींवर एकच नंबर हवा. नाहीतर ती दोन-तीन बंदुकांतून जुळवलेली समजायची, आणि शौकीन तिला हात लावत नाहीत. भर दुपारी दुकानाच्या दारात बसून मी भिंगाने पाहिलं. तिन्ही ठिकाणी ३१८. ठोकलेल्या आकड्यांत जुना शेंदूर अडकून राहिल्यामुळे ते लाल दिसत होते. अस्सल माल होता.

विलासला म्हटलं, काय ते उद्या गिऱ्हाइकासमोरच सांगतो. मनात ठरलं होतं — चक्क खोटं बोलायचं, जुळवलेली आहे म्हणायचं, म्हणजे सौदाच मोडेल. कार्बाइन लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं ते स्वतःचं भिंग घेऊनच. झालं, माझा बेत फसला. कुलूप उघडून कार्बाइन काढून दिली. त्याने दस्ता पाहिला, लिव्हर पाहिली, नळीवर मात्र बराच वेळ अडकला.

"नळी दुसरीच आहे हो," तो म्हणाला.

मी भिंग हिसकावलंच. नळीवर ५६२. शेंदराचा कणही नाही. दस्त्यावर काल पाहिलेला निखाऱ्याचा डाग तोच, नळीतलं शिसं तेच... नंबर तेवढा वेगळा.

गिऱ्हाईक गेल्यावर विलास अंगावर धावून आला. मी कानशीने घासून दुसरा नंबर ठोकला म्हणे. अरे, घासलेली जागा आंधळ्याच्याही बोटाला लागते! मीही मग त्याचा सगळा उद्धार केला, आणि बंदूक म्हातारीला परत देणार म्हणून बजावलं. भंगारच आहे, घेऊन जा, म्हणत तो तणतणत गेला.

वाघबारशीच्या सकाळी मी सूर्यमाळ गाठलं. पाड्यातली गुरं अजून बांधलेलीच होती. सोनीबाई वाघदेवापाशी बसली होती. मी गोणपाट उलगडलं आणि तिच्या हातात देण्याआधी, राहवेना म्हणून, भिंग लावलं.

नळीवर ३१८. आकड्यांत तोच जुना, सुकलेला शेंदूर.

"काय बघतोस रं बाबा?" तिने विचारलं.

"तुमचीच आहे का ते बघतोय."

"आमचीच हाय ती," ती म्हणाली, आणि शेंदूर कालवायला लागली. तिने नंबर कधी पाहिलाच नव्हता.

विलास अजून लग्नकार्यात मला पाहून तोंड फिरवतो, चार लोकांत कानशीची गोष्ट सांगतो. माझा तीळपापड होतो. पण त्याला सांगू तरी काय? त्या दिवशी खोटं मी बोलणार होतो... आणि बोललं लोखंड.