नलूचा भाडेकरू

फणसवाडीत आमच्या शेजारच्या खोलीत नाना राहतात. गोदीतल्या कारकुनीतून निवृत्त झालेले, पत्नी जाऊन बारा वर्षं झालेली, आणि एकुलती एक नलू बेळगावला दिलेली. "पोरगी आपल्याच राज्यात दिली होती वहिनी. ती जागची हलली नाही, राज्यच हललं," असं म्हणतात आणि हसतात. हसून झालं की खिडकीकडे बघतात.

खिडकीत मिठाईवाल्याची जुनी काचेची पेटी आहे. तीत समुद्राचं पाणी, वाळू, चार दगड, दोन बोटभर मासे. आणि लग्नाच्या आदल्या आठवड्यात नलूने वाळकेश्वरच्या खडकांतून आणलेला शंखातला खेकडा. दुसऱ्याच्या शंखात राहतो म्हणून तिने त्याला बिनपागडीचा भाडेकरू म्हटलं. जाताना म्हणाली, "मी येईन तेव्हा हा इथेच दिसला पाहिजे."

त्यासाठी नाना एक दिवसाआड चौपाटीवरून चिनीमातीच्या दोन बरण्या भरून आणतात. चाळीतले विचारतात, "काय नाना, संपला का समुद्र?" नाना म्हणतात, "अर्धा राहिलाय."

सासूच्या आजारपणामुळे नलू दोन वर्षं आली नव्हती. यंदा तुळशीच्या लग्नानंतर येते, असं तिचं पत्र आलं आणि त्याच सुमाराला पेटीतल्या दगडांवर समुद्रफुलं माजली. दिसायला शेवंतीसारखी, पण जवळ जाईल त्याला डसणारी. नानांनी सुरीने खरवडली, तर एकाची चार झाली. भाडेकरू कोपऱ्यात अंग चोरून बसला, खाईनासा झाला.

"हुसकून लावतायत हो त्याला," नाना म्हणाले. "नलूला काय दाखवू?"

मला राहवलं नाही. आमच्या माहेरी रेवदंड्याला खाडी ओलांडताना पाण्याला तांब्याचा पैसा वाहायची रीत. हेही सागराचंच पाणी. नाना बरण्या घेऊन गेले तेव्हा त्यांची किल्ली माझ्याकडे होती. देवघरातला भोकाचा पैसा हळद लावून पेटीतल्या वाळूत खोचला आणि हात जोडले.

तिसऱ्या दिवशी फुलं आक्रसून गळली. नानांनी चाळभर पेढे वाटले. मी काही बोलले नाही. देवाचं केलेलं सांगू नये.

पाचव्या दिवशी खेकडा शंखाबाहेर अर्धा येऊन मरून पडला होता. मासे मात्र मजेत.

नाना मत्स्यालयातल्या ओळखीच्या माणसाला विचारून आले. "तो म्हणतो, पाण्यात तांबं गेलं असणार. माशांना सोसतं, बाकीच्यांना नाही. पण माझ्या बरण्या तर चिनीमातीच्या."

तेव्हा मी सांगितलं. माझ्याने वर बघवेना. नानांनी बाही सारून वाळूतला पैसा काढला. हिरवा पडला होता. पुसून माझ्या हातावर ठेवला.

"मागितलं काय होतंत?"

"फुलं जावीत, आणि नलू यावी."

"फुलं गेली की," नाना म्हणाले.

आज त्रिपुरी पौर्णिमा. सकाळी बेळगावचं पत्र आलं. सीमेच्या सत्याग्रहात जावई पकडले गेले. सासूला एकटीला टाकून नलूला येता येत नाही. शेवटी लिहिलं होतं, 'आपला भाडेकरू कसा आहे ते जरूर कळवा.'

नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे; त्यांची पत्रं मीच वाचते, मीच लिहिते. मी कार्ड घेऊन बसले. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहवत नव्हतं.

नाना काचेशी बसून होते. मेलेला खेकडा त्यांनी परवाच चौपाटीवर नेऊन समुद्रात सोडला. शंख तेवढा धुऊन जागच्या जागी ठेवला होता.

"लिहा," ते म्हणाले. "भाडेकरू गेला. शंख होता तिथेच आहे. दुसऱ्या कुणाला दिलेला नाही."

मग म्हणाले, "माझी तब्येत बरी आहे, तेही लिहा."

पुनवेची मोठी भरती दुपारी होती. पत्र टपालपेटीत टाकायला नाना दोन्ही बरण्या घेऊन निघाले. मी म्हटलं, आता कशाला?

"पाणी ताजं पाहिजे," म्हणाले. "कुणी राहायला आलंच तर."