दोन रेग्युलेटर आणि कणकेचा गोळा

ज्याची लाज वाटते ते लिहावं की नाही, या विचारात दोन महिने गेले. अनुभव सांगताना आपण देवाची कृपा तेवढी सांगतो आणि आपण काय दिवे लावले ते झाकून ठेवतो. मला ती सोय राहिलेली नाही.

मी भिंगारला राहतो. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर वडिलांची जुनी विलायती मोटरसायकल, गोठ्यात कडब्याखाली पडलेली, पुन्हा उभी करायला घेतली. वडील लहानपणी मला तिच्या टाकीवर बसवून एकादशीला नेवाशाला माउलींच्या खांबाच्या देवळात न्यायचे. त्याच गाडीचा दिवा लावून एकदा तिथे जायचं, एवढंच मनात होतं. इंजिन झालं, रंग झाला, वायरिंग मी स्वतःच्या हाताने नवीन केलं. घोडं अडलं रेग्युलेटरपाशी. डायनॅमोची वीज बेताने बॅटरीला देणारी ती लहानशी डबी, पण पुण्यात मिळेना, मुंबईच्या जुन्या बाजारात मिळेना. जी मिळे ती या गाडीला चालणारी नसे. मी रोज पूजेत हात जोडून म्हणू लागलो, देवा, योग्य पार्ट मिळू दे.

आमच्या गुरुवारच्या भजनात भाऊराव पखवाज वाजवायचे. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात घालवून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. पखवाजाच्या डाव्या पुडीला वाजवण्याआधी ओली कणीक थापावी लागते. ती दर गुरुवारी आमच्या घरून जायची. माझी बायको मळायची, मी डब्यातून न्यायचो. एका गुरुवारी भाऊरावांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली डबी काढली. मी शोधत होतो अगदी तीच. "लिलावातल्या भंगारात घेतल्ती, सर. तपासून आनलीय. तुमालाच ठिवा," म्हणाले.

ती डबी दहा मिनिटांत जळाली. भाऊरावांना सांगितलं, तर पुढच्या गुरुवारी त्यांनी आपल्याजवळची दुसरी, शेवटची, आणून दिली. "बॅटरी कशी जोडलीय, येऊन बघू का?" असंही विचारलं. मला ते लागलं. "भाऊराव, मी तीस वर्षं हेच शिकवलंय," असं म्हणून मी विषय संपवला. दुसरीही जळाली. धूर निघाला तसं माझं डोकंही पेटलं. भजनाला गेलो आणि सगळ्यांसमोर बोललो, "फुकटचं म्हणून भंगार माझ्या गळ्यात मारलंत. वर्कशॉपातून असंच काय काय उचललंय कोण जाणे." कपाळाला गंध लावून, हातात टाळ धरून मी हे बोललो. भाऊरावांनी पखवाज खोळीत घातला आणि ते निघून गेले. त्यानंतर ते आले नाहीत. गल्लीत कुजबुज सुरू झाली आणि मी ती होऊ दिली. बायकोने गुरुवारची कणीक मळणं बंद केलं.

एकादशीला मी हट्टाने निघालो. बॅटरी तशीच जोडलेली होती, पण ही गाडी तिच्यावाचूनही चालते, फक्त दिवा लागत नाही. नेवासा फाट्याच्या अलीकडे ती बंद पडली. किका मारून पाय दुखायला लागले. तेवढ्यात ट्रॅक्टरवरून चाललेले एक वयस्कर शेतकरी उतरले. पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला होता, तो त्यांनी फुंकून काढला आणि गाडी सुरू केली. मग सहज त्यांची नजर बॅटरीकडे गेली.

"पावनं, बॅटरी उलटी जोडलीय की. माइनस बॉडीला लावलाय."

"माइनसच लावतात," मी म्हणालो.

"आताच्या गाड्यांना. आमच्या बापाच्या जुन्या विलायती ट्रॅक्टरला प्लस बॉडीला हुता. हिचंबी तसंच आसनार. अशानं डबी जळती."

"दोन जळाल्या."

"म्हंजी डब्या चांगल्या हुत्या," ते म्हणाले आणि ट्रॅक्टरवर चढून गेले. मी नावही विचारलं नाही.

देवळात खांबासमोर बसलो आणि पहिल्यांदाच काही मागता आलं नाही. मागितलं होतं ते मला दोनदा मिळालं होतं. दोन्ही वेळा मीच जाळलं होतं, आणि देणाऱ्याला चोर ठरवलं होतं. लोक दर्शन घेऊन पुढे जात होते आणि मला मान वर करवत नव्हती.

पुढच्या गुरुवारी भजनाआधी उभा राहून मी सगळं सांगितलं, बॅटरीचंही आणि माझ्या तोंडाचंही. मग कणकेचा डबा घेऊन भाऊरावांच्या घरी गेलो. बायकोला मागितली तेव्हा तिने ती मळून दिली होती. मी वाकलो तर भाऊरावांनी पाय मागे घेतले.

"सर, तुमी बोलला त्याचं काय न्हाई," ते म्हणाले. "पन त्या राती माज्या मंडळीनं इचारलं, आवो, खरंच उचलून आनलं हुतं का?"

मी तिथेच त्यांच्या पत्नीसमोर हात जोडून म्हणालो, "वहिनी, मी खोटं बोललो." त्या आत गेल्या. भाऊरावांनी डबा उघडला, अंगठ्याने कणीक दाबून पाहिली. "सैल झालीय. जरा पीठ लागंल," म्हणाले. वहिनी आतून मूठभर पीठ घेऊन आल्या आणि त्यांनी ती कणीक पुन्हा मळली.

त्या दिवशी भजनाला उशीर झाला, पण पखवाज वाजला. जळालेल्या दोन्ही डब्या भाऊरावांनी घरी नेल्या आहेत. दोन्हींतलं चांगलं घेऊन एक होते का बघतो म्हणाले. घाई करायची नाही, असंही म्हणाले. मीही देवाकडे आता पार्ट मागत नाही. जे हातात दिलं जाईल ते ओळखण्याची बुद्धी दे, एवढंच म्हणतो, आणि ज्याने गाडी बंद पाडून मला रस्त्यात थांबवलं त्याचे उपकार मानतो. बॅटरीच्या तारा मी सोडवून ठेवल्या आहेत. भाऊराव येतील तेव्हा ते जोडतील, मी बॅटरी धरून उभा राहीन.